आप्पांचा आठवा वकील

मुरलेला शेतकरी बैलबाजारात जनावराच्या तोंडात लगेच हात घालत नाही. आधी जरा लांब उभा राहून त्याची चाल बघतो. आमचे आप्पा वकील तसा बघतात.

तासगावच्या बाजूला द्राक्षबागा आहेत आणि बागांना बांध आहेत, म्हणजे दावेही आहेतच. आप्पांचा दावा 2004 चा. चुलतभावानं बांध कोरला म्हणून कायम मनाई मागितलेली. बांध दीड हात रुंद, त्यावर एक बोर, आणि बोरं आंबट. या दीड हातापायी आप्पांनी आजवर सात वकील केले आणि सोडले. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा मुंबईची खेप वाचली म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. दावा तेव्हा तालुक्याच्या कोर्टातून इंचभरही हलला नव्हता.

माझ्या शेताची वाट शेजाऱ्यानं काटेरी झाप टाकून अडवली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. इतकी वर्षं शाळेत शिकवूनही वकील कसा निवडावा हे मला ठाऊक नव्हतं. वकिलाला जाहिरात करायची मनाई, पाटीसुद्धा बेताची लावायची असा बार कौन्सिलचा नियम. मग माणसानं शोधावं कुठं? आप्पा म्हणाले, "मंगळवारी दहाला या. जेवून या."

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक बाक आहे. आप्पांनी मला तिथं बसवलं. कुणाच्या ऑफिसात जाऊ दिलं नाही. "ऑफिसात समदेच वाघ असत्यात, मास्तर. पुकाऱ्याला कोण हुबं ऱ्हातंय ते बघा."

पुकारा झाला. ज्यांची गाडी आवारात सर्वांत लांब होती, त्या वकिलांच्या जागी एक पोरगेलासा ज्युनिअर मुदतीचा अर्ज घेऊन धावला. तासाभरात तो असा तीनदा धावला. आप्पांनी तीन बोटं दुमडली. "लई मोठं वकील. पण ह्यांचं वकीलपत्र म्हंजे लग्नात नवऱ्याजागी कट्यार हुबी केल्यागत."

दुसऱ्यांनी व्हरांड्यातच माझी हकिगत निम्मी ऐकली आणि "शंभर टक्के आपलंच" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. आप्पांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. तिसरे फौजदारीत गाजलेले. त्यांच्याकडे आप्पांनी आदरानं पाहिलं, नमस्कारही केला, आणि पुढं गेल्यावर म्हणाले, "खून केला की ह्यांच्याकडं. वाटंला न्हाई."

मधल्या वेळात ते टायपिस्टाकडे चहा प्यायले. कुणाची कैफियत वेळेत येते, उलटतपासाच्या आदल्या रात्री कुणाच्या ऑफिसात दिवा जळतो, कोण फी सांगताना टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प वेगळं सांगतो आणि कोण नंतर काढतो, याचा सगळा पंचनामा त्या एका चहात झाला. जाता जाता एका विधवा बाईला त्यांनी तालुका विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत नेऊन सोडलं. बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे करताना ते जरा खेकसतच होते; चांगलं काम करताना त्यांचा आवाज नेहमी चढतो.

दुपारी त्यांनी मला एका वकीलबाईंपुढे बसवलं. बाईंनी सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा मागितला, शांतपणे वाचला आणि विचारलं, "वाट कधी अडवली?"

"दोन महिने झाले."

"मग दिवाणी दावा कशाला? मामलेदार कोर्ट कायदा आहे 1906 चा. सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करा."

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे पाहत होते, पण चेहरा पोरगी पसंत पडलेल्या सासऱ्याचा होता. "आलेलं गिऱ्हाईक सवस्त दारात धाडतोय, त्यो वकील खरा," ते बाहेर आल्यावर पुटपुटले.

तहसीलदार जागेवर येऊन गेले, चार महिन्यांत वाट खुली झाली. पेढे घेऊन गेलो तर आप्पा म्हणाले, "चार म्हैन्यांत? अरारा!" घरात सुतक असल्यासारखा आवाज.

मग कळलं की वकीलबाई आप्पांच्याच पाचव्या. त्यांनी यांना सांगितलं होतं, सरकारी मोजणी आणा, लोकअदालतीत बसून मिटवा, कोर्ट फीही परत मिळेल. आप्पांनी त्याच संध्याकाळी ना हरकत घेऊन कागद उचलले. बाकीच्यांच्याही कथा अशाच. पहिले न्यायाधीश झाले. "माझ्याच दाव्यावर हात बसला त्यांचा," हे आप्पा अभिमानानं सांगतात. तिसऱ्यांनी पहिल्याच सुनावणीत तूर्तातूर्त मनाई मिळवून दिली, म्हणून काढले. एवढ्या झटक्यात हुकूम देतंय म्हणजे समोरच्याला फितूर असणार! सातव्यांना आप्पांनी काढलं नाही. तेच पुरशिस देऊन बाजूला झाले.

गेल्या दिवाळीत चुलतभावाच्या वकिलांनी वय झालं म्हणून कोट खुंटीला टांगला. चुलतभाऊ रात्री कंदील घेऊन आप्पांच्या दारात. लाइट होती, पण कंदील घेऊन. "दादा, आता कुणाकडं जाऊ?"

आप्पांनी त्याला वकीलबाईंचं नाव सांगितलं.

मी चाट पडलो. "अहो आप्पा, तो तुमच्या विरुद्ध ना?"

"इरुद्ध म्हंजे? समोर धड माणूस नगं? उद्या कुणी बी म्हणंल, आप्पानं नवशिक्याला हरवलं."

वकीलबाईंनी चुलतभावाला परत धाडलं. एकदा आप्पांचे कागद पाहिलेत, आता दुसऱ्या बाजूनं उभं राहता येणार नाही, नियमच आहे. हे ऐकून आप्पांच्या मनात त्यांची किंमत आणखी वाढली. इतकी, की क्षणभर आठव्या म्हणून त्यांनाच परत घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण मग दावा मिटला असता.

त्यामुळं हल्ली दर मंगळवारी कडुनिंबाखालच्या बाकावर दोघं भाऊ शेजारी बसतात. एक डबा, दोन भाकरी, मधे चटणी. आतून पुकारा ऐकू येतो, दोघं माना वळवतात. परवा मी गेलो तेव्हा एक नवा, बारकासा वकील दाराशी उभा राहून स्वतःची फाइल स्वतः वाचत होता. ज्युनिअर नाही, गाडी नाही. मुदत मागितली तीही समोरच्यानं, तर हा तावातावानं हरकत घेत होता.

चुलतभावाचा घास हातातच राहिला. "दादा, ह्यो माझा."

आप्पांनी चटणीचा कागद स्वतःकडे ओढला. "मी आधी बघितलाय."