प्रभारी

आंजर्ल्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. तोंडावर ‘काका’ आणि पाठ वळली की ‘प्रभारी’. काँग्रेस निवडणूक हरली की दिल्लीहून प्रभारी मुंबईत येतात, एकेकाला आत बोलावून विचारपूस करतात आणि अहवाल घेऊन परत जातात. आमचे काका हेच काम ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून करतात. फक्त त्यांचा अहवाल न्यायला कुणी येत नाही.

असा माणूस कोकणात गावागणिक एक तरी सापडतो. मुर्डीत एक आहे. केळशीत दोन आहेत, आणि त्यांचं आपसात पटत नाही, त्यावरून पक्ष ओळखावा.

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला. शंभरावर जागा लढवून काँग्रेसचे 16 आले. बाळासाहेब थोरात संगमनेरात पडले, पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणेत पडले आणि खुद्द प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत 208 मतांनी वाचले. काकांनी टीव्ही बंद केला, अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला बसले. सुपारी जितकी बारीक तितका पराभव मोठा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी रवा पडत होता.

‘‘नाना जाणार,’’ रव्यातून आवाज आला. जूनमध्ये लोकसभेला राज्यात पक्षाचे 13 खासदार आले, तेव्हा याच काकांनी ‘नाना म्हणजे ढाण्या वाघ’ म्हणत आळीभर पेढे वाटले होते. त्यातला एक मीही खाल्ला होता, म्हणून गप्प बसलो.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर काकांचं मोठेपण कळायचं नाही. दापोली मतदारसंघात 1990 पासून पाच निवडणुका सूर्यकांत दळवींनी धनुष्यबाणावर जिंकल्या, आणि पाचही वेळा काका त्यांच्याविरुद्ध घसा कोरडा करत फिरले. पुढे आघाड्या झाल्या. 2019 ची लोकसभा आणि विधानसभा, 2024 ची लोकसभा आणि विधानसभा, चारही वेळा आमच्या मशीनवर पंजाच नव्हता. जागा कधी घड्याळाला गेली, कधी मशालीला. लोकसभेला त्यांनी पंजाचं बटण शेवटचं दाबलं ते 2009 साली, बॅरिस्टर अंतुले उभे होते तेव्हा. गेल्या खेपेस मशालीचं बटण दाबून आले ते थेट विहिरीवर गेले आणि साबण लावून बोट धुतलं. शाई तशी कशी जाणार! तर ज्या माणसाला स्वतःच्या पक्षाला मत द्यायची सोय नाही, तो महाराष्ट्राचा प्रदेशाध्यक्ष ठरवतो.

आणि ठरवतो म्हणजे स्थळ बघावं तसा ठरवतो. विभाग बघायचा, जात बघायची, कारखाना आहे का, कॉलेज आहे का, ईडीची नोटीस आली आहे का, हे सगळं पत्रिकेत मांडायचं. ‘‘मराठवाड्याचे अशोकराव झाले, नगरचे थोरात झाले, विदर्भाचे नाना झाले. आता कोकण.’’

‘‘पण काका, कोकणात माणूस कोण?’’

‘‘तीच तर अडचण आहे,’’ काका झोपाळ्याला पायानं हलकेच रेटा देत म्हणाले. ‘‘मी म्हणजे मीच, असं मी म्हणत नाही.’’

नावांची यादी त्यांनी हाताला लागेल त्या कागदावर केली, आणि तो कागद निघाला काकूंच्या वाणसामानाच्या यादीचा. काकू ती घेऊन दुकानात गेल्या. दुकानदारानं कागद उलटा धरला, सतेज पाटील, विश्वजित कदम, अमित देशमुख, यशोमती ठाकूर असं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘‘काकू, यातलं आपल्याकडे काहीच नाही.’’ काकूंनी घरी येऊन पिशवी टेकली. ‘‘महाराष्ट्राला अध्यक्ष मिळेल तेव्हा मिळेल. बागेत शिंपणं कोण करणार ते आज ठरवा.’’

डिसेंबर उजाडला. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं वर यायला लागली. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मागं वळूनही न बघता समुद्रात निघून जाते. ‘‘हायकमांड,’’ काका म्हणाले. हे त्यांचं वाक्य मला अजून विसरता आलेलं नाही. अंडी पन्नासेक दिवसांत फुटतात. जानेवारीअखेर पिल्लं सरपटत लाटेला लागली, तरी दिल्लीत अध्यक्ष फुटायचं चिन्ह नव्हतं. मी तसं बोललोही. त्यावर काकांनी लंडनच्या भाच्याचा दाखला काढला. तिकडचा हुजूर पक्ष जुलै 2024 मध्ये हरला आणि सभासदांनी मतं टाकून केमी बेडनॉक यांना निवडलं ते नोव्हेंबरात. ‘‘साहेबाला चार महिने लागले. आम्ही कशाला घाई करू?’’ सभासदांच्या मतदानाचा भाग त्यांनी सफाईनं गिळला. एरवी ते 1939 च्या त्रिपुरीत जातात, सुभाषबाबूंनी पट्टाभींना 1580 विरुद्ध 1377 असं कसं हरवलं ते सांगतात. त्यानंतर सुभाषबाबूंचं काय झालं इथवर गोष्ट आली की त्यांना चहाची आठवण होते.

निवडणुकीपेक्षा काकांचा जीव एका ओळीच्या ठरावावर आहे. ‘निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत.’ ही ओळ त्यांनी इतक्या वेळा, इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिली आहे की नातवाला शुद्धलेखनाला तीच देतात.

मध्यंतरी त्यांनी चिंतन शिबिराचा घाट घातला. मागच्या अंगणातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतात, त्या पक्षाला द्यायच्या. 1936 ला काँग्रेस फैजपूरला, खेड्यात गेली. आता आंजर्ल्याला यावी. आत्मचिंतन, वर समुद्र, वर उकडीचे मोदक. तालुक्याहून एका कार्यकर्त्यानं फोनवर एवढंच विचारलं, ‘‘सुरमई मिळेल का?’’ काकांच्या घरात मासा चालत नाही. पराभवाची कारणमीमांसा तिथंच थांबली.

त्यांच्याकडे रेंज नसते. म्हणून बातमीसाठी ते संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीच्या वाटेनं चढतात. देऊळ पूर्वी समुद्रकाठी होतं, पाणी चढत आलं तसा देव डोंगरावर गेला आणि जाताना वाटेत त्याचं पाऊल उमटलं, अशी गावाची श्रद्धा. त्या पावलापाशी टेकून एका पुणेकर पाहुण्यानं काकांना डिवचलं, ‘‘तुमचे अशोक चव्हाण भाजपात गेले की हो!’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘पाणी वाढलं की देवसुद्धा वर जातो. पण त्यानं मागे पाऊल तरी ठेवलं.’’

13 फेब्रुवारी 2025 ला तिथंच माझ्या फोनवर नाव आलं.

‘‘काका, झाला! हर्षवर्धन.’’

‘‘पाटील? तो तर पवारांकडे गेलाय ना?’’

‘‘सपकाळ. बुलढाण्याचे माजी आमदार.’’

काका पायरीवर बसले. निकालापासून ब्याऐंशी दिवस झोपाळा झिजवला होता, आणि हे नाव वाणसामानाच्या यादीत कुठंच नव्हतं. बराच वेळ ते हर्णैच्या बाजूला, सुवर्णदुर्गाकडे बघत राहिले. मग उठले, धोतर झटकलं आणि उतरायला लागले. खाली पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

‘‘सपकाळांचं मी डिसेंबरातच म्हटलं होतं.’’

‘‘यादीत नव्हतं, काका.’’

‘‘लिहायची नावं वेगळी असतात रे.’’

घरी येऊन त्यांनी कपाटातून लेटरहेडचं बाड काढलं. अंतुल्यांच्या निवडणुकीच्या वेळी दापोलीहून छापून आणलेलं, कडा पिवळ्या पडलेलं, वर तिरंगी पट्टा आणि डाव्या कोपऱ्यात ‘प्रदेशाध्यक्ष : मा. माणिकराव ठाकरे’. अभिनंदनाचं पत्र त्याच्यावरच जायला हवं होतं, कारण दुसरं लेटरहेड नाही आणि या बाडातले तीसेक कागद अजून शिल्लक आहेत. वरच्या कागदावर ठाकऱ्यांवर रेघ होती, खाली शाईनं अशोक चव्हाण, त्यांच्यावर रेघ, खाली थोरात, त्यांच्यावर रेघ, खाली पटोले. काकांनी पट्टी लावून पटोल्यांवर सरळ रेघ ओढली. खाली बोटभरच जागा उरली होती.

‘‘पेन देऊ?’’ मी विचारलं.

‘‘नको,’’ काका म्हणाले आणि नातवाच्या कंपासपेटीतली पेन्सिल काढली.