निघण्याआधी पोचणारे पॅकेट : नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : एक संगणक मुंबईत, एक पुण्यात, आणि दोघांची एकमेकांना न विचारता चालणारी घड्याळे.

मुंबईने पॅकेटवर निघाल्याची वेळ घालावी, पुण्याने पोचल्याची नोंदवावी. वजाबाकी केली की विलंब हाती येतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दीडशे किलोमीटरला पाऊण मिलिसेकंद तरी लागणारच. पण पुण्याचे घड्याळ ५ मिलिसेकंद मागे असेल, तर उत्तर येईल उणे सव्वाचार. डगमगू नये. आकडा थेट साहेबांना दाखवावा. द्रुतगती महामार्गालाही हे साधलेले नाही.

घड्याळ मागे पाडायला खटपट लागत नाही, नुसते दुर्लक्ष पुरते. आतला क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत २० भाग चुकला, की दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांचा घोळ तयार. एसी बंद पडला तर स्फटिकाची चाल आणखी बदलते, तीही फुकटात.

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीचा आराखडा मांडून या कलेचे फार नुकसान केले. तरी जागा उरली आहे. निरोपाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे एनटीपी धरून चालते. जाताना सरळ आणि येताना चेन्नईमार्गे अशी वाट असेल, तर दोन्हींतल्या फरकाची निम्मी चूक घड्याळात मुरते. मग त्याच वाटेवर त्याच घड्याळाने मोजा : जाणे-येणे अगदी समसमान दिसेल! चूक स्वतःच्याच साक्षीने निर्दोष सुटते. इतकी सुबक फसवणूक मुद्दाम करूनही जमणार नाही.

मोठ्यांचा आदर्श हवा? १ जानेवारी २०१७ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजताना, जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. संकेतस्थळांचे पत्ते पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या काही सर्व्हरना वेळ मागे गेल्यासारखी दिसली, विलंब उणे निघाला, आणि तो पाहून प्रोग्रॅम कोसळला. काही संकेतस्थळांचे पत्ते मिळेनासे झाले.

भित्र्यांनी पिंग वापरावे. त्यात जाताना-येताना एकच घड्याळ असते, त्यामुळे गंमत उरत नाही. पण एकेरी प्रवासाचा आकडाही मिळत नाही. त्याहून भित्रे प्रोग्रॅममध्ये कधीच मागे न जाणारे मोनोटॉनिक घड्याळ घेतात. आणि ज्यांना दोन शहरांतला एकेरी विलंब खरोखरच मोजायचा आहे, त्यांनी दोन्ही टोकांना जीपीएसचे घड्याळ लावावे आणि ही कृती फाडून टाकावी.