प्रौढ लेगोबाजांसाठी मतप्रदर्शनाची नियमावली

पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थाने प्लॅस्टिकच्या विटा जोडत बसायला समाजाची आता फारशी हरकत राहिलेली नाही. २०२० पासून तर लेगो कंपनीनेच मोठ्या सेटच्या काळ्या खोक्यांवर '१८+' छापायला सुरुवात केली, आणि त्या एका आकड्यामुळे खेळण्याला एकदम पोक्तपणा आला. अडचण वेगळीच आहे. विटा विकत मिळतात, मतं मिळत नाहीत. चार जाणकारांत बसायचं तर कोणती थीम थोर, कोणती टाकाऊ आणि कंपनीने नेमक्या कुठल्या साली माती खाल्ली, हे न अडखळता सांगता यायला हवं. नवशिक्यांची ही गैरसोय दूर व्हावी म्हणून पुढील नियम.

नियम बनवताना ठाण्याच्या एका भावोजींचं आचरण प्रमाण मानलं आहे. भावोजी बँकेत आहेत. त्यांची परवानगी घेतलेली नाही. मागितली असती तर त्यांनी मसुदा लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवला असता.

नियम १. सुवर्णकाळ आपल्या लहानपणी होऊन गेला, असं मानावं. लहानपणी सेट हातात आले होते की नाही, हा मुद्दा गौण.

हातपाय हलणारा लेगोचा छोटा माणूस १९७८ साली आला. त्याच सुमारास शहर, किल्ला आणि अंतराळ या तीन थीम उभ्या राहिल्या. १९७९ मध्ये 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' आलं: निळं-करडं यान, पिवळ्या पारदर्शक काचा. तेव्हा भारतात हे सगळं मिळायचं ते कुणाचा तरी मामा परदेशात असला तरच. भावोजींचे मामा मस्कतला होते. त्यांनी एक लहानशी गाडी आणली आणि तिच्या खोक्यात घडी घातलेला कॅटलॉग निघाला. गाडीची चाकं पुढच्याच पावसाळ्यात कुठेतरी गेली. कॅटलॉग आजही बँकेच्या पासबुकांच्या फाइलमध्ये आहे. थोडक्यात, भावोजींचं बालपण त्या यानाशी खेळण्यात नव्हे, ते बघण्यात गेलं.

कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, हेच यान १,२५४ पार्टांत नव्याने काढण्यात आलं. भावोजींनी ते मिळवलं, दोन रात्रींत जोडलं, आणि चष्मा काढून म्हणाले, "तेव्हाची मजा नाही." ताई म्हणाली, "तेव्हा कधी?" असले प्रश्न घरच्यांनी विचारू नयेत, हा उपनियम.

नियम २. करड्या रंगावरून दुःखी राहावं.

बाहेरच्या माणसाला हे दुःख कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर. कंपनीने २००४ च्या सुमारास आपला जुना करडा रंग बंद करून निळसर झाक असलेला करडा आणला. तपकिरीही बदलली, ती तांबूस झाली. १९५८ साली पेटंट घेतलेली वीट आजच्या विटेत घट्ट बसते, हा कंपनीचा मोठा अभिमान. आणि तो खराच आहे. पण बसली तरी ती शेजारी शोभायला नको का? ज्यांनी वर्षानुवर्षं करड्या भिंती जमवल्या होत्या, त्यांची भिंत त्या वर्षी अर्धवट राहिली. पुढे तांबूस तपकिरी विटा तडकतात, अशी जगभरच्या शौकिनांची ओरड सुरू झाली आणि जखमेवर मीठ पडलं.

भावोजींकडे या प्रसंगासाठी दोन विटा वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. पाहुण्याचा चहा संपला की ते त्याला ट्यूबलाइटखाली उभं करतात, दोन्ही तळहातांवर एकेक वीट ठेवतात आणि विचारतात, "काही दिसतं?" पाहुणा विटा जवळ घेतो, लांब धरतो, खिडकीपाशी नेतो. "दोन्ही करड्याच आहेत की," असं त्याने म्हणताच भावोजी मान हलवून विटा डबीत ठेवतात. ज्याला फरक दिसला असा पाहुणा आजवर एकच झाला, भाचीचा होणारा नवरा. तो रंगाच्या कंपनीत आहे. लग्न पुढच्याच महिन्यात ठरलं. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं ताई सांगते.

नियम ३. परक्या किल्ल्याची मनोभावे निंदा करावी.

लेगोचे किल्ले तीन पिढ्यांचे: १९७८ चा पिवळाधमक, १९८४ चा करडा, आणि २०२२ चा सिंहछाप शूरवीरांचा, ४,५१४ पार्टांचा. तिसरा खरोखर देखणा आहे. तो उघडता येतो, आत स्वयंपाकघर आहे, तळघर आहे, बंदिवान निसटायला चोरवाट आहे. भावोजींचा आक्षेप फक्त दरवाजावर. तो समोरून दिसतो.

"दरवाजा समोरून दिसतो म्हणजे काय? शत्रूला आमंत्रण दिलंय का?" ज्या माणसाने सह्याद्रीतले गड पायी पाहिलेत, त्याचा हा प्रश्न रास्त आहे. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की पुरता जवळ जाईपर्यंत पत्ता लागत नाही. वाट वळण घेत येते, त्यामुळे हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही, आणि तोवर वरून मारा चालूच. युरोपातल्या सपाटीवरच्या किल्ल्याला खंदक आणि उचलता पूल पुरतो, डोंगराला तो कशाला हवा, हे भावोजींना कळतं. कळूनही ते म्हणतात, "हा किल्ला जेवणाआधी पडेल."

मग त्यांनी स्वतः असा बुरुजांत दडलेला, म्हणजे गोमुखी दरवाजा करायला घेतला, आणि इथे नियमावलीला थोडी खरी विद्या सांगणं भाग आहे. गोलाईदार बुरुज करायचा तर काही विटा आडव्या लावाव्या लागतात, म्हणजे विटेवरची टेंगळं वर न येता बाजूला येतात. टेंगळापासून टेंगळापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. पातळ प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर, अशा तीन प्लेट म्हणजे एका विटेची उंची, ९.६. आठ आणि साडेनऊचं काही जमत नाही. पण पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर १६ मिलिमीटर होतात, म्हणजे दोन टेंगळांइतके. हा पाचास दोनाचा हिशेब ज्याला पाठ आहे, त्याच्या भिंती कुठल्याही दिशेने वळतात. ज्याला नाही, तो प्लेट दोन टेंगळांच्या फटीत खुपसतो. त्याने पार्टवर ताण येतो. कंपनीच्या डिझायनरांना अशी जोडणी करायची मुभा नसते आणि शौकीन तिला 'बेकायदा' म्हणतात. भावोजी पिवळ्या सिग्नलला गाडी दामटतात, पण ही बेकायदा जोडणी त्यांच्या हातून होत नाही.

बुरूज दिवाळीला पुरा झाला. तो खाली, सोसायटीतल्या पोरांच्या मातीच्या किल्ल्याशेजारी ठेवण्यात आला. पोरांनी तो नीट निरखला. "याच्यावर अळीव उगवेल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

नियम ४. परवाने घेतलेल्या थीमबद्दल 'तिथूनच सगळं बिघडलं' म्हणावं. कंपनीची पहिली अशी मोठी थीम म्हणजे १९९९ ची 'स्टार वॉर्स'. हे म्हणताना आपल्या मागे ७,५४१ पार्टांचं 'मिलेनियम फाल्कन' दिसत असलं तरी बिचकू नये.

नियम ५. 'सिटी' थीम दिसली की पोलिसांवर बोलावं.

२००५ पासून चाललेल्या या शहरात अधूनमधून नवं पोलिस स्टेशन उघडतं. तेवढ्याने भागत नाही. २०१२ मध्ये जंगलचे पोलिस आले, २०१५ मध्ये दलदलीचे, २०१६ मध्ये बेटावरचा तुरुंग, २०१८ मध्ये डोंगरातले पोलिस, २०१९ मध्ये आकाशातले. चोर मात्र जुनेच, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून. इतका बंदोबस्त असलेल्या गावात अजून कोण चोरी करतं, आणि चोरायला उरलंय काय, यावर भावोजी अर्धा तास बोलू शकतात. खरं दुखणं वेगळं आहे. भाचीच्या प्रत्येक वाढदिवसाला कुणी ना कुणी पोलिस स्टेशनच आणलं, आणि तिने ते प्रत्येक वेळी आनंदाने घेतलं.

नियम ६. भारताचा विषय निघाला की आवाज चढवावा.

२००३ साली एक साहसमालिका आली होती. तिचा नायक टोपीवाला गोरा धाडसी गृहस्थ. तो भारतात येतो आणि इथला खलनायक असतो महाराजा लल्लू. होय, लल्लू. भावोजी हे नाव दोनदा उच्चारतात, दुसऱ्यांदा सावकाश. मग गप्प होतात, कारण लेगोचा पहिला सुबक हत्ती याच मालिकेत आला आणि तो त्यांना हवा आहे.

त्यानंतर भारत म्हणजे ताजमहाल. २००८ मध्ये ५,९२२ पार्टांचा ताज आला. पार्टांच्या संख्येत तो सगळ्यात मोठा सेट होता आणि 'फाल्कन' येईपर्यंत तो मान त्याच्याकडेच राहिला. २०१७ मध्ये तोच पुन्हा आला, या वेळी ५,९२३ पार्टांचा. नऊ वर्षांत भारताच्या वाट्याला एक पार्ट वाढला. २०२१ मध्ये लहान आकारात तिसरा ताज. वेरूळचं कैलास मंदिर कधी, असं भावोजी विचारतात. मग त्यांचं त्यांनाच आठवतं की ते वरून खाली कोरलेलं आहे आणि विटा खालून वर चढतात.

नियम ७. पार्टांच्या आकड्याला भुलू नये. २०२१ च्या जगाच्या नकाशात ११,६९५ पार्ट आहेत. त्यातले बहुतेक गोल टिकल्या, आणि टिकल्यांचा मोठा वाटा समुद्रात गेलाय. दर पार्टामागे किती पैसे पडले, हा हिशेब फक्त बायकोला पटवण्यासाठी करावा.

नियम ८. स्टिकर.

हा नियम सौम्य भाषेत लिहिणं जमलेलं नाही. हजारो रुपये मोजलेल्या सेटच्या माहितीपाटीवरही वर्षानुवर्षं छपाई नसे, स्टिकर असे. पन्नाशीच्या माणसाचा हात थरथरतो आणि कंपनी त्याला अर्ध्या सेंटिमीटरचा स्टिकर तिरका होऊ न देता चिकटवायला सांगते. उपाय एकच. जागेवर साबणाच्या पाण्याचा बारीकसा थेंब लावावा, स्टिकर चिमट्याने ठेवावा, सरकवून जुळवावा आणि मग मऊ कापडाने दाबून पाणी काढावं. हे काम रात्री करू नये, रागात तर मुळीच नाही.

नियम ९. विटा रंगानुसार लावू नयेत. रंगवार डबे दिसायला छान असतात, पण काळ्या विटांच्या डब्यात एक काळी बिजागरी शोधून बघावी. आकारानुसार लावल्या तर हवा तो रंग डोळा आपोआप टिपतो. भावोजींच्या घरी यासाठी फरसाणाच्या बरण्या आहेत. त्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून आधी फरसाण संपवावं लागतं, त्यालाही ते छंदाचाच भाग समजतात.

नियम १०. खरेदीचं राजकारण समजून घ्यावं. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचा सीमाशुल्काचा दर सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेला आणि २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळण्यांना बळ मिळावं, हा हेतू. भावोजींना तो तत्त्वतः मान्य आहे. व्यवहारात ते अमेरिकेतल्या पुतण्याची वाट बघतात. पुतण्याला द्यायच्या सूचना: बाहेरचं खोकं उघडून चपटं करावं, त्यात निम्मी हवाच असते; आतल्या क्रमांकाच्या पिशव्या फोडू नयेत; स्टिकरचा कागद जाड पुस्तकात ठेवावा; माहितीपुस्तिका राहिली तरी चालेल, ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. हे सगळं सांगून झाल्यावर पुतण्याची तब्येत विचारावी.

नियम ११. नव्या थीमना 'ही गृहसजावट आहे' म्हणून मोडीत काढावं, पण घाई करू नये.

२०२१ पासून कंपनीने फुलांचे गुच्छ आणि झाडं काढली. ताईने त्यातलं बोन्साय स्वतःच्या पैशांनी घेतलं, स्वतः जोडलं आणि फाल्कनच्या शेजारी ठेवलं. भावोजींनी तीन दिवस त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी फाल्कनवरची धूळ मेकअपच्या ब्रशने झटकताना त्यांची नजर झाडाच्या गुलाबी बहरावर गेली. तो फुलांचा नव्हता. कंपनीच्या डिझायनराने फांद्यांवर गुलाबी रंगाचे चिमुकले बेडूक बसवले होते. जुन्या साच्यातला बेडूक, नुसता रंग बदललेला, आणि लांबून पाहिलं तर चेरीचा बहर.

भावोजी तेव्हापासून या थीमबद्दल वाईट बोलत नाहीत. पाहुण्यांना आता ट्यूबलाइटखालच्या करड्या विटांच्या आधी बोन्सायपाशी नेलं जातं आणि विचारलं जातं, "काही दिसतं?" झाड जोडणारी ताई मागे चहाचा ट्रे घेऊन उभी असते. पाहुण्यांनी बेडूक आपणहून ओळखू नयेत. "फुलं छान आहेत," एवढंच म्हणावं आणि थांबावं.