चिऊताईंना फ्लॅट पसंत पडेना!

काय सांगू, आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडला सध्या एकच विषय. सोन्याचा भाव नाही, कुंभमेळ्याचे खोदलेले रस्ते नाहीत. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की आवाज खाली आणून विचारतात, "तुमच्याकडे आली का?" पूर्वी हे कामवाल्या मावशींबद्दल असायचं. आता चिमणीबद्दल.

ज्याच्या त्याच्या बाल्कनीत घरटं टांगलंय. बरं, साधंसुधं असेल तर शपथ! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सागवानी करून घेतलं. वर कौलं, दाराशी पितळी पाटी आणि पाटीवर आडनाव यांचं! बी विंगमधल्या डॉक्टरीणबाईंच्या घरट्यावर वारली चित्रं आहेत आणि दिवाळीपासून लायटिंगही. वास्तुशांत तेवढी राहिलीय.

आणि चिमणाबाई? ढुंकून बघत नाहीत. आधी चिमणा येतो. जागा हेरायचं काम त्याचं. दारात बसून तासन् तास ओरडतो, मग बाईसाहेब येतात, आत डोकं घालतात आणि भुर्रकन उडून जातात. आमच्या वेळी स्थळंसुद्धा एवढ्या पटकन नाकारत नसत. आणि मग संसार कुठे थाटावा? मेनरोडवरच्या एका दुकानाच्या शटरवरच्या पत्र्याच्या पेटीत! रोज सकाळी दहाला खडखडाट, रात्री पुन्हा खडखडाट, आणि आत पिल्लं सुखात.

हे घरटी टांगायचं खूळ बाहेरून आलं असंही म्हणायची सोय नाही, मुळात आपल्याच नाशकातलं. मोहम्मद दिलावर इथलेच, त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटीही. चिमण्यांसाठी त्यांनी एवढा धोशा लावला की २००८ साली अमेरिकेच्या 'टाइम'ने पर्यावरणवीरांच्या यादीत त्यांचं नाव घातलं, आणि २० मार्च २०१०ला पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला. पण त्यांनी सांगितली ती साधी लाकडी पेटी हो. पितळी पाटी आमची.

सासूबाईंना तर हसूच आवरत नाही. त्यांचं माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यातलं. तुळईच्या खोबणीत एक घरटं, रामपंचायतनाच्या तसबिरीमागे दुसरं. पूजेला बसलं की वरून काडी पडायची, कधी नैवेद्याच्या वाटीतसुद्धा. कुणी बोलावलं नव्हतं की पाटी लावली नव्हती. अंगणात सूप पाखडलं की सगळी फौज खाली. तो वाडा पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली, तिला ना खोबण ना फट. आता तीच मंडळी फट विकत घेतायत, होम डिलिव्हरीने.

बरं, जिच्यासाठी एवढी आर्जवं, तिचं वागणं तरी बघा. संशोधकांनी पिल्लांचे डीएनए तपासले तर काय निघावं? एका घरट्यातली सगळी पिल्लं त्या घरातल्या बाबांचीच असतील असं नाही! एखाद्या चिमण्याचे दोन संसार असले तर एक सवत दुसरीची पिल्लं मारून टाकते म्हणे. मेक्सिको शहरातल्या चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं आणून घालतात, त्यातल्या निकोटिनने किडे कमी होतात म्हणून. कलकत्त्याच्या त्यातल्या त्यात संस्कारी, कडुनिंबाचा पाला अंथरतात. आणि आपण लेकरांना सांगतो, चिऊताईचं घर मेणाचं!

माझंही ऐका, लपवून काय करू. मी मागवलेल्या घरट्याचं भोक मूठभर होतं. आठवड्यात साळुंकीने कब्जा केला, आणि मी गॅलरीत गेले की मलाच दटावायची. टांगलं होतं पश्चिमेला. पहिल्या पावसात आत पाणी. शेवटी आमच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी आधी भोकाखालची दांडी उपटून टाकली. "ताई, ही कावळ्याला बसायला लावलीय का?" मग आतून फळी ठोकून ३२ मिलिमीटरचं भोक पाडलं. चिमणी मावते, साळुंकी नाही. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं, आणि पेटी गेली पूर्वेच्या भिंतीवर, दहा फूट वर, मांजराची उडी पोचणार नाही अशी.

तरी मी बरी. आमच्याकडे एका साहेबांनी बुलबुलासाठी पेटी टांगलीय! बुलबुल उघड्यावर वाटी विणतो, शिंपी पानं शिवतो, हे दोघे पेटीत कशाला शिरतील? दयाळ येईल एखादवेळी. आणखी एक ताई रोज झाकण उघडून स्टेटसला फोटो टाकायच्या. चार अंडी, फ्लॅशसकट. पाचव्या दिवशी मादी गेली ती गेलीच. आता ताई म्हणतात, चिमण्यांना माया नसते. आमच्या कमिटीचं तर बोलायलाच नको. चिमण्यांना पोळी कुस्करून घालतात आणि दर महिन्याला कुंपणाच्या मेंदीवर औषध मारतात. पिल्लं वाढतात अळ्या-किड्यांवर. आई पोळी भरवणार आहे का त्यांना?

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. सहाव्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांनीच मीटिंगमध्ये "पक्ष्यांनी घाण होते" म्हणून लेखी तक्रार दिली होती. त्यांच्या बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात चिमणी राहायला आलीय. परवा लिफ्टमध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं, तीन पिल्लं आहेत." फॅन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी दोनदा परत पाठवलं, आणि सध्या फोडणी देताना दार लोटून घेतात.

वहिनींना अजून कळलेलं नाही. त्या पितळी पाटीला ब्रासो लावतायत.