मरावे, पण हद्द पाहून

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात मरायचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी आधी नकाशा नीट पाहून घ्यावा. कशाने जायचे हे आपल्या हाती नसते. पण कुठे जायचे याबाबत थोडी खबरदारी घेता येते, आणि मागे राहणाऱ्यांवर तेवढेच उपकार होतात. कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे माणूस जिथे राहत होता तिथे नव्हे, तर जिथे मेला तिथे त्याची नोंद होते. दिल्लीत बसून हा नियम सोपा वाटला असेल. दुर्ग-भिलाईतून जाणाऱ्या जी. ई. रोडवर तो सोपा राहत नाही.

या एका जिल्ह्यात महापालिका चार: दुर्ग, भिलाई, भिलाईच्याच पोटातून निघालेली रिसाली आणि भिलाई-चरोदा. वर पोलाद कारखान्याची वसाहत, तिचे सेक्टर आणि सेक्टर नऊचे मोठे रुग्णालय. दुर्ग कुठे संपले आणि भिलाई कुठे सुरू झाली, हे इथे जन्म घालवलेल्यालाही पाटी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. आता समजा, काका राहायचे रिसालीत. छातीत दुखू लागले म्हणून त्यांना दुर्गातल्या खासगी दवाखान्यात नेले, तिथून सेक्टर नऊला हलवताना ते वाटेतच गेले, आणि अग्नी दिला शिवनाथ नदीच्या काठी. कायद्याखालच्या नियमांनी या प्रसंगाचाही विचार केलेला आहे. चालत्या वाहनात कुणी गेले, तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे, खबर द्यायची. पहिल्यांदा गाडी थांबते ती लाल सिग्नलला. तेव्हा काकांची नोंद कुठे, हे ट्रॅफिकवाल्याने ठरवायचे.

कायदा वाचायला घेतला, तर मात्र गहिवरून येते. एकवीस दिवसांत खबर दिली तर नोंदणीला पैसा नाही. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर खबर देणे हे रुग्णालयाचे काम, रडणाऱ्या मुलाचे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तर नोंद झाल्यापासून सात दिवसांत खबर देणाऱ्याला दाखला फुकट द्यायचा आहे. शिवाय सतरावे कलम म्हणते की कोणीही नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो आणि उताऱ्याची मागणी करू शकतो. कोणीही! खिडकीवर मात्र पहिला प्रश्न येतो, ‘आप कौन लगते हैं उनके?’ मुलगा, असे म्हटले की मुलगा असल्याचा पुरावा. तो नसेल तर समोरच्या चॉइस सेंटरवर, म्हणजे ऑनलाइन सेवाकेंद्रावर, शपथपत्राचा नमुना तयार असतो, फक्त नाव घालायचे. कायदा फुकट देतो त्याच गोष्टीवर शपथपत्रवाला, टायपिस्ट, नोटरी आणि झेरॉक्सवाला अशी चार घरे चालतात. कायद्याची प्रत भिंतीवर लावली, तर रोजगाराचे काय होणार, याचा विचार कुणीतरी केलेला दिसतो.

मृत मराठी असला, तर मजा आणखी वाढते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आपली माणसे छत्तीसगडात आहेत, पण इथल्या फॉर्मला आपली तीनपदरी नावे अजून पचलेली नाहीत. आधारवर पूर्ण नाव. बँकेत दोन आद्याक्षरे. सेवापुस्तकात कधीकाळच्या एका कारकुनाने वडिलांचे नाव हेच आडनाव समजून ठोकून दिलेले. आडनावात ळ असला तर हिंदी दप्तराने त्याचा ल केलेला. बायकांची कथा तर वेगळीच. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, मग लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव, रेशनकार्डावर घरात हाक मारायचे ते. काकू जातात एकट्या, पण त्यांच्यामागे कागदोपत्री चार बायका निघतात, आणि विम्याचे पैसे ज्या बाईच्या नावाचे असतात ती यांपैकी नेमकी जिवंत असते. मग ‘उपरोक्त चारों नाम एक ही महिला के हैं’ असे शपथेवर सांगायचे. नोंदीतली चूक दुरुस्त करायला हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. हकीकत माहीत असलेले शंभर भेटतात. विश्वासार्ह कोण, हे खिडकी ठरवते.

आणि एवढे करून मिळालेल्या दाखल्यावर माणूस कशाने मेला हे लिहिलेले नसते! हा खोडसाळपणा नव्हे, कायदाच आहे. सतराव्या कलमाने मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करायला मनाई केली आहे. यामागे मृताच्या अब्रूची काळजी आहे, आणि ती योग्यही आहे. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, ६ तारखेपासून कोविडमुळे हा जिल्हा पूर्ण बंद होता आणि मुक्तिधामात जागा नव्हती, तेव्हा गेलेल्यांच्या घरच्यांना पुढे याच कोऱ्या जागेने अडवले. भरपाई हवी तर कारण दाखवा, आणि दाखल्यावर तर कारण नसणारच. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला सांगितले की कागद देण्याची रीत सोपी करा. सप्टेंबरात नियम आले. चाचणीपासून ३० दिवसांत गेलेला कोविडने गेला असे धरायचे, मग तो घरी का गेलेला असेना. रुग्णालयातून सुटकाच झाली नसेल तर ३० दिवसांनंतरही चालेल. घरच्यांना पटले नाही तर जिल्हा समितीपुढे अर्ज. ऑक्टोबरमध्ये ५०,००० रुपयांना मंजुरी मिळाली. ज्याच्या डोळ्यांदेखत बापाचा श्वास संपला, त्याला बाप कशाने गेला हे समितीकडून लेखी घ्यावे लागले. या परिच्छेदात विनोद करायचा होता, जमला नाही.

जुन्या मृतांकडे वळू. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबा लागतात, आणि पणजोबांनी मरताना पुढच्या राज्य पुनर्रचनेचा विचार केलेला नसतो. ते गेले तेव्हा दुर्गची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला दुर्ग नव्या मध्य प्रदेशात गेले, बरोबर ४४ वर्षांनी त्याच तारखेला छत्तीसगडात आले. मधल्या काळात १९७३ मध्ये राजनांदगाव तुटले, २०१२ मध्ये बालोद आणि बेमेतरा. पणजोबा जळाले तिथेच आहेत, जिल्हा मात्र हललेला आहे. त्यांची नोंद केलेली असते कोटवाराने. गावातले जन्म-मृत्यू वहीत उतरवून तो ठाण्यावर सांगायचा. विदर्भात अशाच वहीची ‘कोतवाल बुकाची नक्कल’ काढायला आजही रांगा लागतात. त्या वहीत कारण असायचे. बहुतेक जण ‘तापाने’ गेलेले असायचे, विंचू चावलेलाही कदाचित. पण रकाना रिकामा नसायचा.

नोंद सापडलीच नाही, तर घाबरू नये. त्याचाही दाखला मिळतो. शोध घेतला, नोंद उपलब्ध नाही, असे प्रमाणित करणारा नमुना क्रमांक १० नियमांतच आहे. कार्यालयात काय नाही, हे सही-शिक्क्यानिशी सांगणारा हा कागद त्या मानाने चटकन निघतो. मृत्यूला वर्ष उलटून गेलेले असेल, तर तो घेऊन उशिराच्या नोंदणीचा आदेश मागायला जायचे. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे. २०२३ नंतर हे काम जिल्हा दंडाधिकारी, एसडीएम किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. साहेब मीटिंगमधून सुटले की फाइल तहसीलदाराकडे, तिथून पटवाऱ्याकडे, आणि पटवारी विचारतो कोटवाराला. क्यूआर कोडचे दाखले निघू लागले, तरी कोटवार आहे तिथेच आहे. तो म्हणतो, ‘गेले ना साहेब, आम्हीच तर खांदा दिला.’ एवढ्या एका वाक्याचा पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात, फाइल आल्या वाटेने वर चढते आणि महिन्याभराने परत येते. पंचांपैकी एकाचे नाव आधारवर निराळे आहे.