कॅसेट सर

तो नांदेडचा असला तर लातुरात नोकरीला असतो आणि लातूरचा असला तर नांदेडला. शनिवारी संध्याकाळी लोहा-अहमदपूरवरून जाणाऱ्या एसटीत तो हमखास भेटतो. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या वायरी, आणि पिशवीवर दोन्ही हात. कंडक्टर एकदा पिशवीकडं बघतो, एकदा त्याच्या तोंडाकडं.

"काय हाय हे?"

"व्हिडिओ गेम हाय."

"लेकरासाठी का?"

इथं तो खिडकीबाहेर बघतो. लेकरू अकरावीला असतं आणि त्याला या डब्यात काडीचा रस नसतो. ते मोबाइलमधून मान वर काढत नाही.

पेशानं तो बहुधा मास्तर असतो, नाहीतर वीज कंपनीत. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा निघाला तर पोरं मागून त्याला 'कॅसेट सर' म्हणतात. ते नाव त्याच्या कानावर आलेलं असतं आणि मनातून आवडलेलंही असतं.

1983 साली जपानात निन्टेंडोनं फॅमिकॉम हे गेमचं मशीन काढलं. त्याच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यातल्या काही आपल्या घरांत शिरल्या. सामुराई परवानगी घेऊन आला, मीडिया, टर्मिनेटर वगैरे मंडळी परवानगीच्या फंदात न पडता आली. वार्षिक परीक्षेत पंच्याऐंशी टक्के पडले की बाप घेऊन द्यायचा, नि पुढच्या वर्षी पंचाहत्तर पडले की माळ्यावर टाकायचा. तीस वर्षांनी घराचं रंगकाम निघालं की तो डबा खाली येतो आणि कुणीतरी म्हणतं, सरांकडं देऊन बघा.

आता यात कुणी हळवं होण्याआधी सांगतो : सरांना गेम खेळायला आवडत नाही. मारिओ त्यांच्या हातून पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना आवड आहे ती बंद मशीन चालू करण्याची. ती चालू झाली की त्यांचा चेहरा उतरतो. मग ते तिच्यात काहीतरी 'सुधारणा' काढतात. वायर बदलू, आवाज वाढवू, चित्र आणखी स्वच्छ करू. सुधारणा करता करता मशीन बंद पडते आणि घरात पुन्हा आनंदीआनंद होतो.

त्यांच्यासमोर कॅसेटमध्ये फुंकर मारून बघा. तुमची किंमत तिथल्या तिथं उतरते. "थुंकता कामून त्याच्यात?" असं ते थेट विचारतात, समोर सासरा असला तरी. फुंकरीतल्या ओलीनं तांब्याच्या पट्ट्या गंजतात, गेम चालतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं, आणि खुद्द निन्टेंडोनंच फुंकू नका म्हणून सांगितलं होतं, हे सगळं ते एका दमात ऐकवतात. एका अख्ख्या पिढीची श्रद्धा ते अशी रोज धुळीला मिळवतात. त्यांचा स्वतःचा इलाज म्हणजे कान कोरायची काडी नि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे नाव मेडिकलवाल्याला सांगितलं की तो आधी सरांकडं आणि मग रस्त्यावर पोलीस आहे का तिकडं बघतो.

99,99,999 गेम असं छापलेली पिवळी कॅसेट सरांनी एकदा चिकाटीनं तपासली. वही घेऊन बसले. मूळ गेम थोडेच, बाकी सगळे तेच, फक्त कुठं गाडीचा रंग बदललेला तर कुठं तिसऱ्या पातळीपासून सुरुवात. ती वही त्यांनी जपून ठेवली आहे. एवढ्या कष्टानं कुणी लेखापरीक्षण केलं असतं तर जिल्हा परिषदेचं भलं झालं असतं.

रिमोट दुरुस्त केला की तो तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. काँट्रा लावायचा आणि वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीस जीव मिळाले म्हणजे बटणाखालचे रबर ठीक. इतरांना ही चोरवाट वाटते, सरांना ती तपासणी वाटते, आणि गंमत म्हणजे सर बरोबर आहेत. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरनं 1986 साली ग्रेडियस हा गेम घरगुती मशीनवर आणताना हा कोड घातला, कारण गेम तपासायला तो पुढपर्यंत खेळावा लागायचा आणि हाशिमोतोला तो जमत नव्हता. खेळता न येणाऱ्या माणसानं कामापुरती केलेली सोय. एवढी माहिती सांगताना सरांचा आवाज जरा जड होतो. तीस जीव मिळाले की मात्र ते मशीन बंद करतात. खेळायचा प्रश्नच नसतो.

मे महिन्यात नांदेडात पारा 43 च्या आसपास जातो आणि गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे पसरतात. सरांच्या गच्चीवर कुरडयांच्या ओळीत टर्मिनेटरचा डबा असतो. प्लास्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमिन असलेली द्रव्यं घालतात, नि वर्षानुवर्षं ऊन-हवा लागून ते पिवळं पडतं, असं सर सांगतात. उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. पार्लरमध्ये केस रंगवताना वापरतात ते क्रीम डब्याला फासायचं, वर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. दर तासाला फिरवायचं, नाहीतर पट्टे उठतात. कुरडया फिरवायला सरांच्या बाई वर जातात तेव्हा डबाही त्यांनाच फिरवावा लागतो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "हे काय वाळवायलाव?" बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांची अक्कल."

लातूरच्या खोलीवर असे लाड चालत नाहीत. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा अख्खं लातूर घागरी मोजत होतं, आणि हा माणूस घरमालकाकडं मशीनचं झाकण धुवायला अर्धी बादली मागत होता. घरमालक काय बोलला ते छापता येत नाही.

बंदुकीचा किस्सा मात्र सविस्तर सांगायला हवा. डक हंट या गेमची बंदूक पोरांना देऊन काय उपयोग, नवीन टीव्हीवर बदक मरतच नाही. गिऱ्हाइकाला वाटतं बंदूक गेली. सर हसतात. त्या बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या भिंगाला तो उजेड दिसला की बदक पडलं. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे जिथल्या तिथं होतं, नव्या सपाट टीव्हीला चित्र काढायला जो उशीर लागतो त्यात बदक निघून जातं. म्हणून सर भंगारवाल्याकडून डब्बा टीव्ही घेतात. त्यातही त्यांचा जीव व्हिडिओकॉनवर. "चितेगावचा हाय. मराठवाड्याचा माल." कंपनीचं पुढं काय झालं हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही. टीव्हीचं वजन दोघांनी उचलायचं असतं, ते वर चढवताना शेजारचा माणूस लागतो, आणि तो शेजारी हल्ली सरांना बघून फोन कानाला लावतो.

प्लेस्टेशन टू आला आणि सरांच्या संसारात सवत आली. हे मशीन 2000 साली जपानात निघालं, जगात साडेपंधरा कोटींवर विकलं गेलं आणि 2013 मध्ये बनणं थांबलं. हैदराबादेत 2009 साली त्याच्यासाठी हनुमानाचा गेमही बनला. हैदराबादशी आपलं जुनं नातं, त्यामुळं सरांनी तोही मिळवून ठेवला आहे. चालवलेला नाही, अर्थात. या मशीनची दुखणी वेगळी. लेन्स आंधळी होते. सर लेन्सशेजारचा इवलासा स्क्रू केसभर फिरवतात, श्वास रोखून. जास्त फिरला तर लेन्स कायमची जाते. गेलीच तर मेमरी कार्डात एक युक्ती भरून मशीन थेट पेनड्राइव्हवरून गेम उचलते. त्यावर कायदा काय म्हणतो हे सरांना ठाऊक आहे. एवढ्या जुन्या मशीनला नवी डिस्क कुठल्या दुकानात मिळते ते कायद्यानंच सांगावं, असं त्यांचं म्हणणं. पेनड्राइव्हवर मधली चित्रफीत अडखळत चालते, आणि ती अडखळते म्हणूनच सर खूश असतात. काहीतरी करायला शिल्लक राहिलं.

त्यांना हरवतं ते एकच. स्वस्त नकलांच्या आत चिपच्या जागी रोगणाचा काळा थेंब टाकलेला असतो, खाली सगळं गाडलेलं. तो गेला की पाय नाहीत, नंबर नाही, डाग द्यायला जागा नाही. अशा वेळी सर सोल्डर गन बाजूला ठेवतात, चहा पितात नि दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाहीत.

आता शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नच्या गावात हा माणूस कसा टिकतो? तर पॅटर्नवरच. ट्यूशन एरियातल्या खोलीवर रात्री नऊनंतर एखादा बाप येतो. हातात डबा.

"सर, एक काम हाय तुमच्याकडं."

"बोला. काय झालं याला?"

"काई झालं नाही. चालू हाय. बिघडवून द्या."

नीटच्या परीक्षेला चार महिने राहिलेले असतात. पोरानं आजोळहून जुना गेम आणलेला, फोडला तर बायको नि आजी दोघी बोलणार. आपोआप बिघडला पाहिजे. सरांनी आयुष्यात चालू मशीनवर कधी इतक्या प्रेमानं हात ठेवला नसेल. ते झाकण उघडतात, दोन पायांचं पत्र्याचं क्रिस्टल अलगद काढतात. त्याच्या ठोक्यावर सगळं मशीन चालतं, ते नसलं की पडदा नुसता काळा. बाकी कशाला धक्का नाही. क्रिस्टल काडेपेटीत जातं, काडेपेटीवर पोराचं नाव आणि परीक्षेची तारीख. बिघडवायचे शंभर, परत बसवायचे दोनशे. टेबलाच्या खणात दर जानेवारीत काडेपेट्यांची रांग लागते.

परीक्षा झाली की बाप लोक सोडवायला येतात. त्यातला एक गेल्या जूनमध्ये आला. सरांनी क्रिस्टल बसवलं, रिमोट तपासायला काँट्रा लावला. बाप म्हणाला, द्या इकडं, मी बघतो. बसला. पहिला टप्पा झाला, धबधबा झाला. अकरा वाजले.

"सर, पोराला रिपीटर बॅचला घातलंय. एक वर्ष हे तुमच्याकडंच राहू द्या."

"मग क्रिस्टल काढू?"

"नको, नको. राहू द्या की तसंच."

तेव्हापासून तो दर बुधवारी जेवून येतो आणि गादीवर मांडी घालून बसतो. सरांनी त्या मशीनच्या आवाजातली घरघर काढायची ठरवलंय, नवा कंडेन्सर आणून ठेवलाय, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन ते मागं उभे असतात.

"जरा थांबा सर," तो मान न वळवता म्हणतो, "शेवटचा जीव राहिलाय." आणि मग पुन्हा वर, वर, खाली, खाली.