समुद्रसपाटीपासून सर

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक ‘सर’ असतात. ते कुठल्या शाळेत शिकवायचे, हे कुणालाच ठाऊक नसतं. आमचे सर तर जन्मभर एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात होते. पण गळ्यात शिट्टी, अंगात अनेक खिशांचं जाकीट आणि समोरच्याने बुटाची नाडी बांधून व्हायच्या आत ‘चुकलं’ म्हणायची हातोटी, एवढ्या भांडवलावर माणूस सर होतो.

सरांचे गड दोनशे चौदा. हा आकडा विचारावा लागत नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड पाच वेळा, त्यातला एकदा अंगात ताप असताना. तो ताप दर वर्षी अर्ध्या डिग्रीने चढतो. सिंहगड ते पाऊण तासात चढतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत मनगटावरच्या घड्याळाकडे बघून करतात. “चाल मोडायची नाही. थांबला तो संपला,” हे त्यांचं एकमेव सूत्र.

अशा सरांच्या देखरेखीखाली आम्ही अकरा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालो. निघण्याआधी तीन महिने व्हॉट्सॅपवर सूचनांचा पाऊस. सामानाच्या यादीत त्रेचाळीस वस्तू, त्यात सतराव्या क्रमांकावर कापूर. “हुंगला की ऑक्सिजन वाढतो.” सरावासाठी सर सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून रोज पर्वती चढत. तांदळाचं पुढे काय झालं, हे त्यांच्या घरी कुणी विचारू नये.

लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची आणि तीही चढाची. विमान तिच्यावर टेकेपर्यंत सर शेजारच्या जर्मन माणसाला मराठीत धीर देत होते. लुक्ला २,८६० मीटरवर. इथे सरांचं एक वाक्य साधारण अडीच मिनिटं चालायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आम्हाला उंची मोजायला यंत्र लागलंच नाही.

आमचा वाटाड्या पंचविशीतला शेर्पा. त्याचा एकच मंत्र, “बिस्तारै, सर, बिस्तारै.” म्हणजे हळू. सरांना तो अपमान वाटला. “हे लोक आपल्याला पर्यटक समजतात!” दुसऱ्या दिवशी हिलरी पुलानंतरचा नामचेचा उभा चढ सर सिंहगडाच्या वेगाने चढले, आमच्या आधी तासभर पोचले आणि आम्ही गेलो तेव्हा कपाळाला बाम लावून बसले होते. “डोकं? छे, चहाची वेळ चुकली.” नामचे ३,४४० मीटर. वाक्य पाऊण मिनिटावर आलं होतं.

नामचेला दोन रात्री मुक्काम असतो. सरांच्या मते हे लाड. वाटाड्याने समजावलं, हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो. पण वर जावं तसा हवेचा दाबच कमी होतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. ५,५०० मीटरला तर निम्माच. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात फार वाढवायची नाही.

“म्हणजे व्याजदर तोच, मुद्दल निम्मं,” काकू म्हणाल्या.

काकू कोथरूडच्या, वय त्रेसष्ट, बँकेतून निवृत्त. गड म्हणाल तर तीन, त्यातल्या एकावर गाडी जाते. सरांनी निघताना त्यांना बाजूला घेऊन, “झेपेल ना?” असं विचारलं होतं. काकूंनी पायी वारी दोनदा केली होती, पण ती सर हिशेबात धरत नव्हते. वारीत चढ नसतो म्हणे. दिवे घाट त्यांनी बहुधा गाडीतून पाहिला असावा.

खरी परीक्षा दिंगबोचेला, ४,४१० मीटरवर. रोज संध्याकाळी जेवणघरात शेगडीभोवती ऑक्सिमीटर फिरायचा. करोनाच्या साथीत घराघरात पोचलेलं ते चिमटुकलं यंत्र इथे गुणपत्रिका वाटू लागलं. “मला शहाऐंशी!” “मला ब्याऐंशी.” काकूंना अठ्ठ्याऐंशी. सरांना चौऱ्याहत्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला कुणी पहिल्यांदाच मार्क दिले होते. “बोट गार आहे,” सर म्हणाले. बोट गार असलं की आकडा चुकतो हे खरंच. म्हणून बोट चोळलं, गरम पाण्याच्या बाटलीवर धरलं, दुसरं लावलं. शहात्तर. सरांनी यंत्र उलटं करून बघितलं, जणू मागे मॉडेल उत्तर छापलेलं असावं.

ताटातला डाळभात निम्मा उरलेला काकूंनी पाहिला. “सर, तुमचं डोकं दुखतंय.” तो प्रश्न नव्हता. वाटाड्याने सरांना सक्त ताकीद दिली. उद्याचा विश्रांतीचा दिवस खरोखर विश्रांतीचा आणि दुखणं वाढलं तर सरळ खाली. सर म्हणाले, “बरं.” पूर्ण वाक्य एवढंच.

त्या रात्री मी सरांच्याच खोलीत होतो. सर घोरत होते, ती सवय होती. मग घोरणं थांबलं. शांतता. मी मोजू लागलो. सहा, सात, आठ... अकराला एक प्रचंड सुस्कारा आला आणि घोरणं सुरू झालं. पुन्हा थांबलं. उंचीवर झोपेत श्वास असा रेंगाळतो, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि दोन फुटांवर सर अकरापर्यंत गप्प पडलेले असणं वेगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांच्या आवाजाची वाट बघत जागा राहिलो.

सकाळी त्यांचं डोकं दुखायचं थांबलं होतं, पण रग गेलेली. तिसऱ्या दिवशी निघालो तेव्हा ते सवयीने पुढे झाले, वीस पावलं गेले आणि काठीवर ओणवे झाले. काकू मागून आल्या. त्यांची चाल म्हणजे पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. भाजी निवडायला बसल्यासारखी, घाई नाही, थांबणंही नाही. सरांशेजारून जाताना त्या म्हणाल्या, “माझ्या मागे चला. वारीत चालतो तसं. पुढे पळालं म्हणून विठोबा काही आधी भेटत नाही.”

आणि सर मागे गेले. दोनशे चौदा गडांचा माणूस काकूंच्या जांभळ्या स्वेटरमागून गपचूप चालू लागला. वरून याकांचा तांडा आला तेव्हा काकूंनीच त्यांना डोंगराच्या बाजूला ओढलं. दरीच्या बाजूला उभं राहिलं तर याकचा धक्का पुरतो. “चुकलं,” काकू हळूच म्हणाल्या. सर हसले. लोबुचेला ते एक शब्द बोलत, गोरक्षेपला फक्त मान हलवत.

बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, सरांनी शिट्टी बाजूला सारली, टोपी काढली आणि समोरच्या भल्यामोठ्या शिखराला कडक सलाम ठोकला. फोटो निघाले. वाटाड्या अदबीने म्हणाला, “सर, वो नुप्त्से है.” एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही! सलाम तसाच हवेत राहिला. सर म्हणाले, “हं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे कालापत्थरवरून तो माथा दिसला, काळा, उन्हाने कडेला पेटलेला. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो, आता काहीतरी येईल म्हणून. त्यांनी नुसता काकूंच्या हातातला थर्मास घेतला आणि कपात चहा ओतून आधी त्यांना दिला.

उतरताना शब्द परत येऊ लागले. नामचेला क्रियापदं आली, लुक्ल्याला पोटवाक्यं. पुण्यात तर हिशेब व्याजासकट पूर्ण झाला.

परवा रविवारी सिंहगडावर गेलो. उंची १,३०० मीटर, ऑक्सिजन मुबलक. कांदाभज्यांच्या ताटलीसमोर सर नव्या पोरांना सांगत होते, “पळायचं नाही. वारीत चालतो तसं चालायचं. पुढे पळालं म्हणून विठोबा काही आधी भेटत नाही. हे मी पहिल्यापासून सांगत आलोय, बेस कॅम्पला तर मी आमच्या काकूंनासुद्धा...”

शेजारी बसलेल्या काकूंनी दह्याचं मडकं त्यांच्यापुढे सरकवलं. “सर,” त्या म्हणाल्या, “भजी गार होतायत.”